बॅटरीतला टक्का येतो कुठून?

घरच्या सोलरच्या पडद्यावर बॅटरी ६२ टक्के दिसते तेव्हा तो आकडा मोजलेला नसतो, हिशेबाने काढलेला असतो. म्हणूनच संध्याकाळी ४० टक्के दाखवणारी बॅटरी रात्री नऊला अचानक मान टाकते, किंवा दुपारभर ८८ वर रेंगाळलेला आकडा क्षणात १०० होतो. अशा वेळी बॅटरीला दोष देण्याआधी हिशेब तपासावा.

जुन्या शिसे-आम्ल बॅटरीचे बरे होते. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये ती घडवली. तिच्यातले गंधकाम्ल विजेबरोबरच खर्ची पडते, त्यामुळे बॅटरी उतरेल तसे आतले द्रावण पातळ होते आणि हायड्रोमीटर बुडवला की खरी स्थिती कळते. १२ व्होल्टची बॅटरी काही तास निवांत ठेवली, तर भरलेली असताना सुमारे १२.७ आणि अर्धी असताना १२.२ व्होल्ट दाखवते.

लिथियम आयर्न फॉस्फेटने ही सोय हिरावून घेतली. हा पदार्थ जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून १९९७ च्या शोधनिबंधाने जगापुढे आला. निबंधाचे पहिले लेखक होते अक्षय पाढी. सेल रिकामा होताना त्यात लिथियम असलेला आणि लिथियम नसलेला असे दोन घन पदार्थ शेजारी शेजारी नांदतात. बदलते ते फक्त त्यांचे प्रमाण. परिणामी व्होल्ट जवळजवळ हलतच नाहीत. २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतचा सारा प्रवास सेलमागे एक दशांश व्होल्टच्या आसपास उरकतो. त्यात मिक्सर किंवा पंप सुरू झाला की भाराने व्होल्ट त्याहून जास्त खाली बसतात. त्यामुळे जो इन्व्हर्टर नुसत्या व्होल्टवरून टक्के सांगतो, त्याच्यावर लिथियमच्या बाबतीत विसंबू नये.

मग उरते जमाखर्चाची वही. बॅटरीच्या ऋण तारेत शंट नावाचा जाड धातूचा तुकडा बसवतात आणि त्यातून आत-बाहेर जाणारा करंट मिनिटामिनिटाला मांडतात. शंटचे काम थक्क करणारे नाजूक आहे. ५०० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट देणारा शंट ०.२ अँपिअरला फक्त २० मायक्रोव्होल्ट देतो, म्हणजे एका व्होल्टचे ५० हजार भाग केले तर त्यातला एक. शून्यावरच एवढी चूक राहिली, तर दिवसाला ४.८ अँपिअर-तासांचा घोळ होतो. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत रोजचे जवळपास पाच टक्के!

ही चूक पुसली जाते ती बॅटरी काठोकाठ भरल्यावर. व्होल्ट वर चढून टिकले आणि चार्जिंगचा करंट अगदी कमी झाला, की यंत्र जुना हिशेब फाडून १०० लिहिते. कोकणात आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे ही वेळ येत नाही. मग चुका साचत जातात, आणि पावसाळ्यातच 'बॅटरी गेली' अशी हाकाटी सुरू होते.

तपासणी सोप्यापासून सुरू करावी. इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा प्रकार आणि क्षमता बरोबर भरली आहे का? लिथियम बॅटरी जोडून सेटिंग शिसे-आम्लाचेच राहणे, ही चूक सहज होते. बॅटरीच्या बीएमएसशी, म्हणजे सेलवर नजर ठेवणाऱ्या तिच्या आतल्या यंत्रणेशी, इन्व्हर्टरची डेटा केबल जोडलेली आहे का? नसेल तर दोघांचे टक्के जुळणार नाहीत. एखाद्या दिव्याची किंवा पंख्याची ऋण तार शंटला वळसा घालून थेट बॅटरीला लावली असेल, तर तो खर्च वहीत चढतच नाही. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर तारेभोवती धरून पडद्यावरच्या करंटशी ताडून पाहावा. नुसत्या एसी क्लॅम्पचा इथे उपयोग नाही.

एवढे करूनही आकडा उड्या मारत असेल, तर संशय सेलवर. ५१.२ व्होल्टच्या बॅटरीत १६ सेल एका ओळीत असतात. त्यातला एक जरी आधी रिकामा झाला तरी बीएमएस सगळी बॅटरी बंद करतो, बाकी पंधरांत वीज असली तरी. बीएमएसच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक सेलचे व्होल्ट दिसतात. पूर्ण भरताना किंवा रिकामे होताना एकच सेल इतरांपासून फटकून वागत असेल, तर चोर तिथे आहे.

बॅटरीचे खोके मात्र स्वतः उघडू नका, ते काम जाणकाराचे. आपल्या हाती आहे ते एवढेच: महिन्यातून एकदा, पावसाळ्यात ऊन नसेल तर महावितरणच्या विजेवर, बॅटरी पूर्ण भरू द्या आणि आकडा १०० वर स्थिरावेपर्यंत चार्जिंग तोडू नका.