उतरलेल्या वस्त्रांची मृगया

सप्टेंबर उजाडला की इंग्लंडातील वृत्तपत्रांना जुन्या कपड्यांची आठवण होते, आणि तो शिरस्ता अद्याप मोडलेला नाही. तीस दिवस नवे वस्त्र विकत न घेण्याची जी प्रतिज्ञा ऑक्सफॅम या संस्थेने २०१९ साली प्रचारात आणली, तिची छायाचित्रे, ती घेणाऱ्या नामवंतांची निवेदने आणि वस्त्रोद्योगाने पृथ्वीवर लादलेल्या भाराचे तक्ते यांचा रतीब आता आपल्याकडील पुरवण्यांतही सुरू झालेला असल्यामुळे, तो मजकूर येथे पुन्हा उतरवून काढण्याचे प्रयोजन नाही. मात्र शनिवारच्या सकाळी लीड्समधल्या किंवा ब्रायटनमधल्या एखाद्या चॅरिटी शॉपचे दार उघडण्यापूर्वीच बाहेर ताटकळत उभी राहणारी, आणि दार उघडताच कोणाशी एक शब्दही न बोलता कपड्यांच्या दांड्यांवरून एकेक हँगर सरकवीत जाणारी जी मंडळी आहेत, ती पृथ्वीच्या कल्याणाची चिंता वाहत तेथे आलेली असतात, यावर माझा विश्वास नाही. ती आलेली असतात शिकारीला. पृथ्वीचे कल्याण हे त्या मृगयेला मागाहून नेसविलेले सोवळे होय.

या शिकारीतला आनंद समजून घ्यावयाचा तर धर्मादाय दुकानाचा कारभार थोडा पाहावा लागेल. नेहमीच्या दुकानदाराला आपल्या कपाटात कोणता जिन्नस आहे आणि तो कितीला पडला, याची पक्की माहिती असते. येथे मात्र देणाऱ्याने दिलेले असते ते बहुधा आईच्या किंवा आत्याच्या मृत्यूनंतर घर रिकामे करताना, घाईने आणि डोळे पुशीत, पिशव्यांत कोंबून. आणि मांडलेले असते ते आठवड्यातून दोन-चार तास विनावेतन सेवा करणाऱ्या एखाद्या निवृत्त बाईने, जिला प्रत्येक झग्याची वंशावळ तपासण्याइतकी सवड नसते. दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर मूल्यवर्धित कराचा दर शून्य, आणि दुकानाच्या जागेवरील स्थानिक करात ऐंशी टक्के माफी, अशी राजमान्य सवलत असल्यामुळे तीन-चार पौंडांची विक्रीही संस्थेच्या खाती जमेच्या बाजूलाच पडते. अशा रीतीने देणारा आणि विकणारा हे उभयता ज्या वस्तूविषयी अनभिज्ञ आहेत, ती ओळखणारा तिसरा मनुष्य दुकानात शिरतो, तेव्हा त्याच्या छातीत जे धडधडते त्याचा भूतदयेशी संबंध जोडणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे.

या दुकानांचा जन्म युद्धात झाला, म्हटले तरी चालेल. त्यापूर्वीही तुरळक प्रयत्न झाले होते. पण १९४१ साली ब्रिटिश रेड क्रॉसने लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवर दुकान मांडले, आणि व्यापारखात्याने परवाना देताना अट घातली की विक्रीस ठेवलेली प्रत्येक वस्तू दानातूनच आलेली असावी. पुढे ग्रीसमधील दुष्काळपीडितांसाठी १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये स्थापन झालेल्या समितीने, म्हणजेच आजच्या ऑक्सफॅमने, युद्धोत्तर आवाहनाला प्रतिसाद म्हणून आलेल्या वस्तूंचे करावयाचे काय या विवंचनेतून ब्रॉड स्ट्रीटवर दुकान चालविण्यास आरंभ केला. १९४९ साली तेथे नोकरीस लागलेले जो मिटी हे गृहस्थ वास्तविक हिशेब ठेवण्यासाठी आणि कपड्यांची पाठवणी करण्यासाठी नेमले गेले होते. परंतु जे येईल ते विकून दाखवावे अशी त्यांची वृत्ती, आणि त्यांनी एकदा चक्क एक हाउसबोटही विकल्याची कथा सांगतात. अशा माणसाच्या हाती कारभार गेल्यावर दुकान धर्मादाय दप्तराची शाखा राहणे शक्यच नव्हते.

परंतु युद्धाने शिकाऱ्यांना दिलेली सर्वांत मोलाची देणगी दुकानाची नव्हे, एका लहानशा चिन्हाची आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून मला राहवत नाही. १ जून १९४१ रोजी, तो रविवार असून दुकाने बंद आहेत हे साधून, ब्रिटिश सरकारने कपड्यांवर शिधावाटप लागू केल्याचे जाहीर केले. गुप्तता इतकी की नवी कूपने छापून तयार नव्हती, आणि आरंभी लोकांना शिधापुस्तकातली मार्गारिनची शिल्लक कूपने कापडासाठी वापरावी लागली. वर्षाला माणशी ६६ कूपने. त्यांतली ११ एका लोकरी झग्यात आणि २६ पुरुषाच्या एका सुटात खर्ची पडत. त्याच वर्षी ‘युटिलिटी’ या नावाने सरकारने कापडाचा दर्जा आणि किंमत ठरवून दिलेले कपडे निघू लागले, व त्यांवर रेजिनाल्ड शिप यांनी रेखाटलेले चिन्ह आले: पाचर कापून काढलेल्या दोन चकत्या, आणि पुढे ४१ हा आकडा. पुढल्या वर्षी निर्बंध अधिक कडक झाले. खिसे किती, चुण्या किती, गुंड्या किती याचा जाबता ठरला, आणि पुरुषांच्या विजारींना खाली दुमड घालण्याची मनाई झाली. या शेवटच्या हुकमाने ब्रिटिश पुरुष जितका चिडला तितका तो बाँबवर्षावानेही चिडला नसावा. मुद्दाम लांब विजारी घेऊन घरी दुमडण्याची पळवाट त्याने शोधून काढली. दुसरीकडे नॉर्मन हार्टनेल आणि हार्डी एमीज यांच्यासारखे, एरवी उमरावांच्या घरचे कपडे बेतणारे शिल्पी याच निर्बंधांच्या चौकटीत सामान्य स्त्रीसाठी नमुने तयार करण्यास बसले, आणि कमी कापडात, कमी गुंड्यांत, केवळ बेतण्याच्या कौशल्यावर उभे राहिलेले ते झगे आजही अंगावर नीट बसतात. कूपनांचे बंधन १९४९ साली उठले आणि १९५२ साली ‘युटिलिटी’ योजनाही संपली. त्यामुळे मानेच्या आतल्या शिवणीत ते चिन्ह आढळले, की त्या वस्त्राचा जन्म या अकरा-बारा वर्षांतलाच होय, याला दुसरा दाखला लागत नाही. आपल्याकडेही त्या युद्धात कापडावर नियंत्रण आले होते आणि ‘स्टँडर्ड क्लॉथ’साठी रांगा लागल्या होत्या, फरक इतकाच, की आपल्या आज्यांनी ते कापड विरेपर्यंत नेसले, मग त्याची दुपटी शिवली, आणि शिकाऱ्यासाठी मागे काहीच ठेवले नाही.

बाकीच्या खुणा याच जातीच्या. मार्क्स अँड स्पेन्सरने ‘सेंट मायकेल’ हे नाव १९२८ साली नोंदवले आणि २००० साली सोडून दिले, म्हणून ते नाव असलेला स्वेटर निदान पाव शतक जुना. चेन धातूची आणि झग्याच्या डाव्या कुशीत असेल तर १९४०-५०च्या दशकांचा संशय घ्यावा. धुण्याच्या सूचनांची चित्रलिपी असेल तर १९७०च्या दशकापूर्वीचे स्वप्न सोडून द्यावे. आणि प्रेस्टनच्या हॉरॉक्सेसचा, मोठमोठ्या फुलांचा सुती झगा हाती आला तर चेहऱ्यावर काहीही न दाखवता सरळ गल्ल्याकडे चालू लागावे. १९५३-५४च्या राष्ट्रकुल-दौऱ्यात राणी एलिझाबेथने नेसलेल्यांत या घराचे झगे होते. लँकेशायरच्या ज्या गिरण्यांच्या कापडाने आमचे माग बंद पाडले, त्यांतलीच ही एक, हे मनात येते खरे, पण झगा सुंदर असतो हेही खरे.

मराठी माणसाला या छंदात एक अडचण येते ती निराळी. मेलेल्या परक्या माणसाचे वस्त्र अंगावर चढवावयाचे, ही कल्पना आपल्या संस्कारांना सहजी रुचणारी नव्हे. जुने कपडे बोहारणीला घालून पातेले घ्यावे, आणि त्या पातेल्यासाठी तिच्याशी तासभर हुज्जत घालावी, हे आपल्याला ठाऊक. तिच्या गाठोड्यातून काही विकत घ्यावे हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. तरीही पुण्या-मुंबईहून तिकडे शिकावयास गेलेल्या मुलामुलींचा पहिला जाड ओव्हरकोट पुष्कळदा अशाच दुकानातून आलेला असतो, आणि घरी तो ‘सेलमध्ये मिळाला’ असे कळविले जाते.

जे विकले जात नाही त्याचे काय होते, हे पुण्यकर्माची भाषा बोलणाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक पाहावे. ठरावीक मुदतीत न खपलेला कपडा दांडीवरून उतरतो आणि किलोच्या भावाने चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे जातो. ऑक्सफॅमचे स्वतःचे निवडकेंद्र यॉर्कशायरमधील बॅटली येथे आहे. आणि जुनी लोकर पिंजून तिचे पुन्हा सूत काढण्याची युक्ती बेंजामिन लॉ यांनी १८१३च्या सुमारास शोधून काढली ती याच गावी. तो धंदा आता तेथे उरलेला नाही. तो पानिपतास आला आहे. परदेशांतील लोकरी कपडे कांडला बंदरात उतरतात, वस्त्र म्हणून त्यांची विक्री होऊ नये यासाठी त्यांना कायद्याने चिरा पाडलेल्या असतात, आणि पानिपतच्या कारखान्यांत बायका त्यांची बटणे व अस्तरे कापून काढून रंगांप्रमाणे ढीग लावतात. त्यातून निघणारी स्वस्त कांबळी पूर-भूकंपाच्या वेळी वाटली जातात. पुण्यसंचयाची भाषा बोलणाऱ्या मोहिमांच्या छायाचित्रांत या बायका मला कधी दिसल्या नाहीत.

अलीकडे मुरलेल्या शिकाऱ्यांची तक्रार ऐकू येते की दुकाने शहाणी झाली. ऑक्सफॅमने २००७ सालीच संगणकावर दुकान थाटले. निवडीच्या टेबलाशीच जाणकार बसवून चांगला माल वेगळा काढला जातो. आणि लिथुआनियात जन्मलेल्या व्हिंटेडसारख्या, संगणकावरच्या जुन्या कपड्यांच्या बाजारामुळे देणारी बाईही आत्याचा कोट पिशवीत टाकण्यापूर्वी त्याचा भाव पाहू लागली आहे. तक्रार समजण्यासारखी असली तरी तीत न्याय नाही. संस्थेचे पहिले कर्तव्य दुष्काळपीडितांशी आहे, तीन पौंडांत बर्बेरीचा कोट मिळवून मित्रमंडळींत मिरवू पाहणाऱ्याशी नाही. त्याने आजवर घेतलेला फायदा हा एका अर्थी भुकेल्याच्या ताटातला होता. इतके मान्य करूनही मला वाटते, की ज्या दुकानात प्रत्येक वस्तूचा योग्य भाव लावलेला आहे ते दुकान उत्तम चालेल, पण शनिवारी त्याच्या दारात कोणी ताटकळणार नाही.

ज्यांना अद्याप हौस असेल त्यांनी केन्सिंग्टन-चेल्सी टाळावे, कारण तेथील व्यवस्थापकाला सर्व नावे पाठ असतात. दक्षिण किनाऱ्यावरची ईस्टबोर्न, बेक्सहिल, वर्दिंग ही निवृत्तांची गावे पाहावीत. तेथे घरे रिकामी होत असतात आणि पिशव्या न उघडता येतात. कपडा घेताना रंग-नक्षीच्या आधी काख पाहावी, कारण जुना घाम कापड खातो आणि तो डाग निघत नाही. मग तो उजेडाकडे धरून कसरीची भोके शोधावीत. लोकरीचा असेल तर घरी आणल्यावर कपाटातल्या इतर कपड्यांना लागू न देता, पिशवीत घट्ट बांधून पंधरा दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे कसरीची अंडी मरतात. घरातल्यांना मटारांच्या शेजारी तो का ठेवला आहे हे आधीच सांगून ठेवलेले बरे.