हृदयाचा ऊर्जा-ताळेबंद: ऑकलंडची जैवअभियांत्रिकी संस्था

ऑकलंड विद्यापीठातील जैवअभियांत्रिकी संस्था 2001 साली स्थापन झाली. अवयवाचे कार्य समीकरणांत मांडणारी संगणकीय प्रतिमाने, विशेषतः हृदयाची, ही तिची सर्वपरिचित ओळख असली, तरी ही समीकरणे आणि त्यांना जाब विचारणारी मोजमापे तेथे एकाच छताखाली नांदतात, यातच तिचे वेगळेपण आहे. संस्थापक-संचालक पीटर हंटर हे मूळचे अभियंते; ज्या ऑक्सफर्डमध्ये डेनिस नोबल हृदयपेशीच्या विद्युत्स्पंदनाचे 1960 साली मांडलेले आपले प्रतिमान पुढे नेत होते, तेथेच त्यांनी हृदयस्नायूच्या यामिकीवर डॉक्टरेट मिळवली.

संस्थेतील उष्मामापक यंत्र या संदर्भात मुद्दाम पाहण्याजोगे आहे. उंदराच्या हृदयातून काढलेला, मिलिमीटरहूनही कमी जाडीचा स्नायूतंतू त्यात एका नळीत ताणून धरतात आणि त्यावरून प्राणवायूयुक्त द्राव वाहता ठेवतात. तंतूच्या अलीकडील व पलीकडील द्रावाच्या तापमानांतील फरकावरून तंतूने सोडलेली उष्णता काढता येते. ही उष्णता मायक्रोवॉटच्या, म्हणजे वॉटच्या दशलक्षांशाच्या मापाची असते. तंतूचे बल आणि आकुंचन त्याच वेळी मोजले जात असल्यामुळे त्याने केलेले कार्य कळते, आणि कार्य व उष्णता यांच्या बेरजेवरून एकूण ऊर्जाव्ययही कळतो.

असा ताळेबंद हाती असला की प्रतिमानाला पळवाट उरत नाही. पुरेसे अचल अंक हवे तसे बदलले, तर प्रयोगाच्या आलेखाशी जुळणारे प्रतिमान कोणालाही बनवता येते. ते ऊर्जा शून्यातून निर्माण करत नाही ना, हा अधिक कठोर प्रश्न आहे. ऑकलंडमध्ये व नंतर मेलबर्नमध्ये काम केलेल्या एडमंड क्रॅम्पिन यांनी यासाठी ‘बाँड ग्राफ’ ही अभियांत्रिकीतील पद्धत पेशीतील रासायनिक क्रियांना लावली. तिच्यात प्रत्येक घटकातून जाणारी ऊर्जा मांडावीच लागते.

सेलएमएल ही प्रतिमाने लिहिण्याची संगणकीय भाषाही बव्हंशी येथेच घडली. तिच्यात प्रत्येक चलराशीला एकक देणे बंधनकारक आहे. नियम कारकुनी वाटतो खरा, पण छापील शोधनिबंधांतील समीकरणे या भाषेत उतरवताना चुकलेली चिन्हे आणि गाळलेले अंक उघडे पडत गेले, आणि तपासलेली प्रतिमाने सार्वजनिक संग्रहात सर्वांना खुली झाली.

संश्लेषी जीवशास्त्रात, म्हणजे पेशीत नवी जनुकीय मंडले रचण्याच्या शास्त्रात, हीच शिस्त उपयोगी पडते. सुटी असताना उत्तम चालणारी दोन मंडले एकाच पेशीत घातली की ती त्याच एटीपीवर आणि त्याच रायबोसोमांवर, म्हणजे पेशीच्या ऊर्जेवर व प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर, हक्क सांगू लागतात. बाँड ग्राफवर आधारलेल्या जोडणीत ही ओढाताण जीवाणूला हात लावण्याआधीच दाखवता येते.