अर्धा कोयता आईचा

"अजून लहान आहे, त्याला काय कळतंय?" मुलगा-मुलगी समान हे पोरांना शिकवायचा विषय निघाला, की बीडच्या गेवराई तालुक्यातलं उमापूर असो नाहीतर पुणे, पहिलं उत्तर हेच मिळतं. पण दोन-तीन वर्षांचं मूल आपण मुलगा आहोत की मुलगी हे सांगू लागतं, आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बाईचं काम कोणतं नि बाप्याचं कोणतं, याची यादी त्याच्याकडं बऱ्यापैकी तयार असते. 2017 साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या मुलांचा एक अभ्यास छापून आला. 'फार फार हुशार' माणूस म्हटलं की पाच वर्षांच्या मुली आपल्यासारखीच बाई दाखवत. सहा-सात वर्षांच्या मुली तसं दाखवायला कचरू लागल्या होत्या. त्यामुळं आठवी-नववीत एखादं व्याख्यान ठेवून जे साधायचं म्हणतो, त्याची वेळ पहिलीतच टळून गेलेली असते.

मग शाळेनं बघावं, असंही म्हणतात. शाळेनं थोडंफार बघितलंय. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताहेत, डॉक्टर बाई आहे, असली चित्रं आली. चांगलं झालं. पण पुस्तक दप्तरात असतं आणि घर चोवीस तास डोळ्यांसमोर.

"बाप कमावतो, आई घर सांभाळते" हे वाक्य आपण पोरांना सहज ऐकवतो. उमापुरात, खरं तर अख्ख्या बीड जिल्ह्यात, ते उघड खोटं आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. फडात तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. पहाटेच्या भाकरी तिनंच थापलेल्या असतात आणि रात्री कोपीवर चूलही तीच पेटवते. उचल, म्हणजे आगाऊ मिळालेली मजुरी, मात्र बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. पोरगं तोडणी बघतं, मोळी बघतं, आणि पैसे कुणाच्या खिशात गेले तेही बघतं. त्याला "बाईसुद्धा कमावते" हे समजावून सांगायला बसण्यापेक्षा, हंगाम संपल्यावर हिशेबाला बसताना आईला शेजारी बसवा आणि पोरांच्या देखत म्हणा, यातला अर्धा हिचा. आकडा मोठ्यानं सांगा. पोरांना आकडे लक्षात राहतात.

घरकामाचंही तसंच. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत देशभरातल्या सहा वर्षांवरच्या लोकांना दिवसभरात काय केलं हे विचारलं होतं. त्यात 81 टक्के बायका-मुलींनी घरकाम केलेलं निघालं, पुरुष-मुलग्यांपैकी अवघ्या 26 टक्क्यांनी. ज्यांनी केलं त्यांच्यातही बाईचा वेळ सरासरी 299 मिनिटं, पुरुषाचा 97. पाहणीची सुरुवातच सहाव्या वर्षापासून होते, हे ध्यानात घ्या. म्हणजे घर झाडणारी पहिलीतली पोरही त्यात आलीच.

यावर आजी म्हणते, "झाडू हातात दिला तर पोरगा बायकी होईल." आजीला संत जनाबाईची आठवण करून द्यावी. तिचं गोदाकाठचं गंगाखेड काही लांब नाही. जनीबरोबर जात्यावर बसणारा, शेण्या वेचणारा विठोबा आजीनंच नातवाला गोष्टीत सांगितलेला असतो. त्याचं देवपण त्यात कमी झालं, असं अजून कुणी म्हटलेलं नाही. पाच वर्षांचं मूल, मुलगा असो की मुलगी, लसूण सोलतं, शेंगा फोडतं, ताटं मांडतं. आठ वर्षांचं भांडी विसळतं, ज्वारी निवडतं. काम वारावर वाटा: सोमवारी हिची भांडी, मंगळवारी त्याची. आणि त्यानं केलं तर "आईला मदत केली, शहाणा माझा" असं कौतुक नको. बहिणीनं केल्यावर कुणी करतं का?

मुली मुळातच नाजूक, हा आणखी एक समज. वयात येईपर्यंत मुलामुलींच्या उंचीत, ताकदीत फारसा फरक नसतो. उलट मुलींची वाढीची उसळी मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येते, म्हणून पाचवी-सहावीत कित्येक मुली वर्गातल्या पोरांपेक्षा उंच दिसतात. पाळी सुरू झाल्यावर लोहाची गरज मुलीलाच जास्त, आणि ताटातला मोठा वाटा मात्र भावाकडं सरकलेला.

मुलग्यांचंही नुकसान होतं, हे मात्र कुणी मोजत नाही. "पोरीसारखा रडतोस काय?" असं ऐकत वाढलेला मुलगा दुखलं तरी सांगत नाही, आणि कुणी अंगाला नको तिथं हात लावला तरी सांगत नाही. मुलग्यांना तो धोका नसतो, असंच आपण धरून चालतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये बालकांच्या छळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये मुलगे जवळपास 53 टक्के होते. 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलग्यालाही तेवढाच लागू आहे. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श दोघांना एकत्र बसवून सांगा. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा नंबरही दोघांना पाठ हवा.

"आमच्यात असा भेदभाव राहिला नाही" असं म्हणणाऱ्यांशी वाद घालू नये, जनगणना दाखवावी. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं बीडमध्ये 2001 साली 894 मुली होत्या. 2011 मध्ये 807, राज्यात सगळ्यात कमी. हे गरिबीनं झालं म्हणावं, तर चोरून सोनोग्राफी करायला पैसे लागतात. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की जिलेबी, हा फरक चार वर्षांच्या बहिणीला बरोब्बर कळतो.

मुलगा-मुलगी समान ही सगळी शहरातली, परदेशातली थेरं, असं कुणी म्हणालंच तर 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या होत्या, एवढं सांगून पुढं जावं.

आईबाप फडावर आणि पोरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात, अशा घरांत शिकवायचं कधी? रोजचा फोन असतोच. त्यात मुलीला "आजीला कामात हातभार लावतेस ना?" आणि मुलाला "अभ्यास करतोस ना?" असं विचारलं जातं. प्रश्न तेच ठेवा, फक्त अदलाबदल करा: तिला गणिताचं विचारा, त्याला आज भांडी कुणी घासली ते.