रुमालाबाहेरचा हात

पहाटेचे पाच. माण तालुक्यातली वस्ती. बल्बच्या पिवळ्या उजेडात मावशी गाईच्या कासेला बसल्यात. चरवीत पडणारी धार आधी टणटणते, मग दूध चढतं तसा आवाज जाड होत जातो. सूनबाई शेण भरतेय. कुडापाशी करडं आईला ढुशा देतायत.

"तांबडी शेळी चार महिन्यांची गाभण हाय. म्हैन्याभरात विल," मावशी मान न वळवता सांगतात. हा हिशेब कुठं लिहिलेला नाही.

दूध संकलन केंद्रापुढं किटल्यांची रांग आहे. निम्म्याहून जास्त हात बायकांचे. यंत्रावर फॅटचा आकडा उमटतो, पावती निघते. नाव मालकांचं. मावशी पावतीची घडी कनवटीला लावतात.

साडेसातलाच ऊन चटके देतंय. शाळू कधीच निघालाय. उघड्या रानाच्या कडेला कडब्याची गंज तेवढी उभी आहे. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथं पाचशेच्या आसपास, तोही बेभरवशाचा. मावशी गंज डोळ्यांनीच मोजतात.

"मिरगापतूर पुरवायची."

२०१३च्या उन्हाळ्यात वैरण संपली, तेव्हा जनावरं घेऊन चारा छावणीत त्याच राहिल्या. ताडपत्रीखाली चूल, शेजारी दावण.

आज बाजार. टेम्पोच्या हौद्यात बोकड, त्याच्या अंगाला अंग लावून आम्ही. सातारा संपून सांगली लागते. माती तीच. मुरूम, बाभळी, कोरडा ओढा.

आटपाडीचा बाजार आधी कानाला कळतो. बें-बें, हाका, टेम्पोचे हॉर्न. मग लेंड्यांचा आणि लोकरीचा वास. धूळ पापण्यांवर बसते. जतकडच्या माडग्याळ मेंढ्या पोपटासारखं बाकदार नाक वर करून उभ्या आहेत. सावली म्हणावी अशी कुठं नाहीच. मावशी पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवतात आणि दावं धरून थांबतात. तास जातो. दुसराही जातो.

एक व्यापारी येतो. बोकडाचा कणा चाचपतो, दात बघतो. मग मालकांचा हात धरून वर रुमाल टाकतो. रुमालाखाली बोटं बोलू लागतात. मालक मान वळवून मावशींकडं बघतात. मावशींची मान जराशी हलते. नाही. पुन्हा रुमाल, पुन्हा नजर, पुन्हा नाही.

तिसऱ्यांदा मालक परत येऊन कानाशी काहीतरी सांगतात. मावशी बोकडाच्या पाठीवरून एकदा हात फिरवतात आणि दाव्याची गाठ सोडतात. सौदा झाला. नोटा मालकांच्या हातात पडतात. ते तशाच पुढं करतात.

"मोज गं."

मावशी दोनदा मोजतात. "नातीची फी. ऱ्हायलेल्यात पेंड."

परतीच्या टेम्पोत मी विचारते, "मावशी, जमीन कुणाच्या नावावर?"

"मालकांच्या. त्यांच्या मागं पोरांच्या."

२०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहिवाटदारांमागं बायका जेमतेम चौदा होत्या. सातबाऱ्यावर नाव नसलं की पीककर्जाचा अर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, सगळं मालकांच्या सहीवर अडतं. मालक गेले, तर वारसनोंद होईपर्यंत बाई कागदावर कुणीच नसते.

दिवस कलताना वस्ती येते. टेम्पोतून उतरल्या उतरल्या मावशी गोठ्याकडं वळतात. गाय हंबरून हाक देते. धारेची वेळ झालीय.

पण सातबारा बदलता येतो. नवऱ्यानं अर्ज केला, की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना १९९२पासून आहे. आज घरी गेलात, की आपला सातबारा काढून बघा. बायकोचं नाव नसेल, तर तलाठ्याकडं अर्ज द्या.