रक्तांतल्या कात्र्या

रोगप्रतिकारशक्तींत उणीव म्हटली कीं वारंवार येणारा ताप-खोकला डोळ्यांपुढें येतो. परंतु या उणिवांतच गणला जाणारा एक आनुवंशिक विकार निराळा आहे. त्यांत ओठ, हात, पोट किंवा गळा एकाएकीं सुजतो आणि दोन-तीन दिवसांनीं सूज आपोआप ओसरते. विल्यम ऑस्लर यांनीं १८८८ सालीं एकाच घराण्याच्या पांच पिढ्यांत तो आढळल्याचें वर्णन केलें; त्याचें मूळ मात्र १९६३ सालीं डोनाल्डसन व इव्हान्स यांनीं उघडकीस आणलें.

आपल्या रक्तांत प्रथिनें तोडणारे कांहीं एन्झाइम असतात. त्यांना आपण कात्र्या म्हणूं. एरवीं त्या मिटलेल्या असतात. जंतु शिरले किंवा इजा झाली कीं एक कात्री दुसरीला उघडते. त्यांना आवरण्याचें काम सी-१ निरोधक नांवाचें प्रथिन करतें. त्याची युक्ति उंदराच्या सापळ्यासारखी आहे: कात्रीनें त्याला कापतांच तें तिला कायमचें जखडून टाकतें.

हें प्रथिन अपुरें किंवा सदोष असलें तर कात्र्यांस धरबंद राहत नाहीं. कॅलिक्राइन नांवाची कात्री एका मोठ्या प्रथिनांतून ब्रॅडिकायनिन हा लहानसा तुकडा कापून काढते. त्यामुळें बारीक रक्तवाहिन्या झिरपूं लागतात व सूज येते. दुसरी कात्री सी-४ हें प्रतिकारक प्रथिन विनाकारण तोडीत राहते. म्हणूनच रक्तपरीक्षेंत सी-४ कमी आढळल्यास निदानाचा पहिला धागा हातीं येतो.

अशी सूज पाहून आपण 'पित्त उठलें' म्हणतों. पण पित्ताला खाज सुटते, गांधी उठतात. येथें तसें होत नाहीं. ही सूज हिस्टामिनाची नसल्यानें पित्तावरच्या गोळ्याही निरुपयोगी ठरतात. पोट सुजलें तर आंत्रपुच्छाचा दाह समजून नाहक शस्त्रक्रिया होते. गळा सुजला तर श्वास कोंडून प्राणावर बेततें. निरोधक प्रथिन शिरेंतून देणें, किंवा ब्रॅडिकायनिनला अडविणारें औषध टोचणें, हे खरे उपाय होत.

हा विकार सुमारें पन्नास हजारांत एखाद्यास होतो. परंतु तो आई किंवा वडिलांस असला तर प्रत्येक अपत्यास येण्याचा संभव निम्मा असतो. तेव्हां घराण्यांत कोणी गळा सुजून गेल्याचें वडीलधाऱ्यांकडून ऐकलें असेल, तर तें दैवावर न टाकतां डॉक्टरांस आवर्जून सांगावें. त्या जुन्या आठवणीनें कदाचित् नातवाचा प्राण वांचेल.