समितीचे खरे बळ

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला आग लागली. स्वयंपाकघराच्या शाकारलेल्या छपराने पेट घेतला. आग वरच्या वर्गांच्या छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. आग अचानक लागते. परंतु ज्वालाग्राही छप्पर, अरुंद जिना ही तिची साथीदार कारणे आधीपासूनच डोळ्यांसमोर असतात.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या अग्निसुरक्षेविषयी निर्देश दिले. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात.

तथापि, केवळ समिती नेमल्याने धोका टळत नाही. ती सक्षम करावी लागते. सदस्यांनी अग्निशमन दलाच्या मदतीने इमारतीची पाहणी करावी व दोषांची यादी करावी. कोणते काम कोणी, केव्हापर्यंत करावयाचे हे ठरवावे. आग विझविण्याचे प्रशिक्षण घ्यावे. मुलांकडून सुरक्षितपणे बाहेर पडण्याचा सराव करून घ्यावा. ठरलेली कामे पूर्ण झाली का, हे पुढील बैठकीत तपासावे. धोका अनेकांना दिसतो. तो दूर होईपर्यंत पाठपुरावा करणे, हेच समितीचे खरे बळ होय.