रिश्ता ठरवण्याआधी एक रक्ततपासणी

बुखारी शरीफमध्ये एक हदीस आहे. एक ग्रामीण अरब प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आला. बायकोला काळ्या रंगाचा मुलगा झाला, म्हणून त्याच्या मनात शंका होती. प्रेषितांनी (स.) त्याच्या उंटांचा रंग विचारला. तो म्हणाला, तांबडा. त्यांत एखादा राखी आहे का? आहे. मग तो कुठून आला? एखाद्या जुन्या पूर्वजाकडून आला असेल, असे त्यानेच उत्तर दिले. मुलाचेही तसेच असेल, असे सांगून प्रेषितांनी (स.) त्याची शंका दूर केली.

दहावीच्या पुस्तकात मुले हाच विषय शिकतात. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून येते, एक वडिलांकडून. काही गुण एकाच जनुकाने दिसतात, ते प्रभावी. काही दोन्ही बाजूंनी आले तरच दिसतात, ते अप्रभावी. असा गुण पिढ्यान्‌पिढ्या लपून राहू शकतो.

थॅलेसेमिया हा आजार असाच लपून येतो. ज्याच्याकडे सदोष जनुक एकच आहे, त्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. तो सहसा ठणठणीत असतो. फार तर हिमोग्लोबिन थोडे कमी येते आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पण नवरा-बायको दोघेही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या रक्तातून साचणारे लोह काढण्यासाठी वेगळी औषधे लागतात.

आपल्याकडे चुलत, मामे, मावस भावंडांचे निकाह होतात. शरीअतने त्याची परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. सख्ख्या चुलत-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके सारखी असतात. म्हणून एकच लपलेला दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते.

उपाय सोपा आहे. हिमोग्लोबिन ए-टूची तपासणी बहुधा आयुष्यात एकदाच करावी लागते. इराणने 1997 पासून आणि सौदी अरेबियाने 2004 पासून लग्नाआधी अशी तपासणी सक्तीची केली.

एकच जण मायनर निघाला तर रिश्ता मोडण्याचे कारण नाही, मुलांना मेजर आजार होणार नाही. दोघेही निघाले तर मंगनीपूर्वीच डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा. आणि मुलगी मायनर निघाली म्हणून तिच्या माथी दोष मारू नये. तिला ते जनुक आई-बापाकडूनच मिळाले आहे, आणि आजारी मुलाला ते दोघांकडूनही येते. मेहरची बोलणी होण्याआधी दोन्ही घरांनी हा रिपोर्ट समोर ठेवावा, एवढीच आमची विनंती.